ईईजीच्या खोलीतली फुंकणी

माझ्या खोलीत कुणी डोक्याला तेल लावून आलं, की मी आधी ओरडते आणि मग बसायला सांगते. हे चांगलं नाही, ते मला कळतं. नवऱ्यानं, डॉक्टरांनी आणि खालच्या मेडिकलवाल्यानं आपापल्या शब्दांत मला ते सांगून झालंय. पण नंदुरबारात ईईजी काढणाऱ्या बाईला दिवसातून चार वेळा तेलाशी झगडावं लागतं, आणि झगडणाऱ्या बाईच्या तोंडी साखर कुठून राहणार?

ईईजी म्हणजे डोक्याच्या कातडीवर एकवीस वायरी चिकटवायच्या आणि मेंदूत जी अगदी बारीक वीज सतत चालू असते, तिच्या रेषा पडद्यावर बघायच्या. आम्ही बाहेरून वीज देत नाही. हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी विचारतंच, "ताई, शॉक देतस का?" आत जी वीज असते ती इतकी कमी, की वायर आणि कातडी यांच्यामध्ये तेलाचा थर आला तर ती मशीनपर्यंत पोचतच नाही. मग रेषांच्या जागी नुसता कचरा दिसतो. कचरा मला खपत नाही. माझं रेकॉर्ड स्वच्छ असतं, आणि ते तसं असतं याचा मला गर्व आहे.

लोकांना खरं तर मोठ्या मशीनचं आकर्षण. एमआरआय काढा म्हणतात. ते मशीन आमच्याकडे नाही, पण मी शिकायला नाशिकला होते तेव्हा पुष्कळ पाहिलंय. त्यात मेंदूचा असा सुरेख फोटो येतो, की एकेक घडी मोजावी. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मार लागलेला दिसतो. पण त्या फोटोंमध्ये घर दिसतं, घरात या क्षणाला काय चाललंय ते दिसत नाही. तेवढ्यासाठी दाराला कान लावावा लागतो, आणि तो कान म्हणजे माझं मशीन.

हे कान लावणं मी नाशिकच्या आधी वडिलांकडे पाहिलं होतं. ते पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत वाढलो. एखादं यंत्र कुरकुरायला लागलं, की ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. नवीन पोरं पाना घेऊन खोलायला धावली की त्यांचा आवाज चढायचा. "पहिले आयकानं, मंग खोलानं!" घरीही आम्हा भावंडांच्या भांडणात ते हेच म्हणायचे. माझा तापट स्वभाव त्यांच्याकडूनच आलाय. ऐकायची सवय मात्र त्यांनी दिली तेवढी सगळी माझ्या अंगी लागली नाही, हे मला एका गुरुवारी कळलं.

त्या गुरुवारी सकाळी धडगावकडून तिघं आली. एक आई, तिची अकरा वर्षांची मुलगी आणि त्यांना घेऊन आलेला जीपवाला. तो घाटात शेअर जीप चालवतो. पेशंट आणून आणून त्याला इथल्या सगळ्या दवाखान्यांचे जिने पाठ झालेत. आईला फक्त पावरी ही तिकडच्या डोंगरातली बोली येत होती, मला पावरीचं एक अक्षर येत नाही. जीपवाल्याला पावरी, अहिराणी आणि मराठी तिन्ही येतात आणि तिन्ही तो एकाच वेगानं बोलतो. मुलगी आश्रमशाळेत सहावीला होती. ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत होती, प्रत्येक शब्द धुऊन वाळवून ठेवल्यासारखा.

तिच्यासोबत वसतिगृहाच्या बाईंची चिठ्ठी होती. "मुलगी वर्गात व प्रार्थनेच्या वेळी लक्ष देत नाही. हाक मारली असता ओ देत नाही. वारंवार समज देऊनही फरक नाही. आजार असल्यास डॉक्टरांचा दाखला आणावा. नसल्यास दिवाळीनंतर पालकांनी मुलीस घरी ठेवावे." डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस येतात. त्यांनी चिठ्ठी वाचली, मुलीला तपासलं आणि मला म्हणाले, "ताई, हे नुसतं दुर्लक्ष वाटत नाही मला. मधेमधे काही सेकंद ती हरवत असावी. पण नुसतं वाटून दाखला देता येत नाही. पकडून दाखवा."

मी मुलीला खुर्चीवर बसवलं, तिच्या डोक्याला हात लावला आणि हात तसाच उचलून उजेडात धरला. बोटं चकाकत होती. मोहाच्या बियांचं तेल, तेही मुळापर्यंत जिरवलेलं, वर दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. आम्ही आधीच कागद पाठवलेला असतो. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, केस धुऊन, तेल न लावता यावे.

"वाचता येत नाही का कुणाला?" मी ओरडलेच.

"मला येतं, मॅडम," मुलगी म्हणाली. "मी आईला वाचून दाखवलं. आई ऐकत नाही."

आईनं जीपवाल्याला काहीतरी ठणकावून सांगितलं. तो मला म्हणाला, "ती म्हनस, कोरडं डोकं लईसन पोर गावमा गई, ते लोके म्हनतीन का हिले मायच नही."

माझ्या आईनंही हेच केलं असतं. नाशिकच्या वसतिगृहात जाताना तिनं मला इतकं तेल चोपडलं होतं, की बसच्या खिडकीच्या काचेवर माझ्या डोक्याचा गोल उमटला होता. मी गीझर लावला आणि मेडिकलमधून शाम्पूच्या पुड्या मागवल्या. एका पुडीनं काही झालं नाही. दुसरीनं थोडा फेस आला. तिसऱ्या पुडीला आईनं मला कोपरानं बाजूला सारलं, ओढणी खोचली आणि स्वतःच पोरीचं डोकं असं घासायला घेतलं, की पोर हसत हसत ओरडायला लागली. फेस बघून आई खूश झाली. चौथी पुडी तिनं वास घेऊन कंबरेला खोचून टाकली. नमनालाच घडाभर तेल, असं मी पुटपुटले, पण तोवर माझाही राग उतरला होता.

केस वाळवून, कंगव्याच्या टोकानं भांग पाडत, टेपनं मोजत, लाल पेन्सिलीनं खुणा करत वायरी लावायला मला पाऊण तास लागतो. मुलगी अगदी शहाण्यासारखी बसली होती. फक्त मांडीवरचं दप्तर सोडत नव्हती. टेबलावर आडवं झाल्यावरही तिनं ते पोटावर घेतलं. श्वासाबरोबर ते वरखाली होत होतं आणि एका वायरीला ओढ बसत होती.

"दप्तर खाली ठेव बघू."

"नको, मॅडम."

"अगं, इथं कोण घेणार आहे तुझं दप्तर?"

तिनं दप्तर आणखी घट्ट धरलं. मग म्हणाली, "शाळेत ठेवलं असतं तर दुसऱ्या मुलीला दिलं असतं. मला परत नाही घेतलं तर पुस्तकं तरी राहतील."

मी वायर सैल केली आणि दप्तर राहू दिलं. मग सगळा राग मी जीपवाल्यावर काढला. कारण तो आणि ती आई दारात उभे राहून बोलत होते. आई त्याला काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवत होती. माझ्या खोलीत पाटी आहे, शांतता राखा. मी पाटीकडे बोट केलं. दहा मिनिटांनी त्यानं पुन्हा डोकं आत घातलं. "ताई, ती काय सांगी ऱ्हायनी ना..."

"भाऊ, बाहेर बठा. आठे बोलानं नही."

तिसऱ्यांदा त्यानं नुसतंच तोंड उघडलं आणि मी दार लावून घेतलं.

रेकॉर्ड सुरू झालं. डोळे मिट म्हटलं की ती मिटायची, उघड म्हटलं की उघडायची. डोळे मिटले, की मेंदूच्या मागच्या बाजूला सेकंदाला नऊ-दहाच्या चालीनं लाटा येतात आणि डोळे उघडले की विरतात. इतकी वर्षं झाली, पण हे बघायला मला अजून आवडतं. मिटल्या पापण्यांमागं कुणीतरी जागं आहे याचा तो पुरावाच असतो. मग मी लुकलुकणारा दिवा लावला. त्यानंही काही झालं नाही. वीस मिनिटं झाली. रेषा इतक्या नितळ, की शिकाऊ मुलींना दाखवायला जपून ठेवाव्यात.

एरवी असं रेकॉर्ड आलं की मी घरच्यांना दारातूनच सांगते, काही नाही, सगळं छान आहे. त्या दिवशी मात्र प्रत्येक स्वच्छ पानाबरोबर मला वाईट वाटत होतं. काही निघालं नाही तर कागदावर "नॉर्मल" असं लिहिलं जाणार. आजार नाही, म्हणजे पोरगी मुद्दाम करते, म्हणजे दिवाळीनंतर घरी. मी चक्क देवाला हात जोडले आणि म्हटलं, देवा, येऊ दे. एका लेकराच्या डोक्यात बिघाड निघावा म्हणून मी प्रार्थना करत होते. हे सांगायला मला आजही अवघड जातं.

एक उपाय शिल्लक होता. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायचा आणि सोडायचा. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. अशा हरवणाऱ्या मुलांमध्ये नेमका तेव्हाच तो झटका बाहेर येण्याचा संभव सगळ्यात जास्त असतो. मी तिला करून दाखवलं. तिनं पाहुण्यांसमोर घ्यावा तसा एक नाजूक श्वास घेतला आणि ओठ मिटून सोडला. पुन्हा दाखवलं, पुन्हा तेच. लहान मुलांसाठी मी कागदाची भिंगरी ठेवते, फुंकर मारली की फिरते. ती पुढं केल्यावर सहावीतल्या त्या मुलीनं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की मीच ती परत खणात टाकली. वायरी लावलेलं डोकं, परकी बाई, बंद खोली. त्यात जोरात फुंक म्हटलं तर कोण फुंकणार?

मी मशीन थांबवलं. वायरी काढायला कापूस ओला केला. दार उघडलं तर जीपवाला दाराला टेकूनच उभा होता.

"आते बोला," मी म्हटलं. "काय बोलानं शे ते बोला एकदाचं."

"ताई, कव्हयनी ती हाईच सांगी ऱ्हायनी. ती म्हनस, घर उनी का पोरले मी चूल पेटाडाले सांगस. फुकता फुकता हाई पोर बठीच ऱ्हास. फुकनी तोंडले, नि डोया कथाबी नहीत. इस्तो इझी जास, तरी हालत नही. मंग परत फुकाले लागस, जसं काही व्हयनंच नही. बाकीनं काम नीट करस. चुलीपुढेच असं व्हस. ती इचारस, चुलीनं काही शे का?"

ओला कापूस माझ्या हातात तसाच राहिला. फुंकता फुंकता. म्हणजे मी जे तीन मिनिटं करायला सांगत होते, ते ही पोर सुट्टीत घरी आली की रोज चुलीपुढं करत होती, आणि नेमकी तिथंच हरवत होती. हे परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा ज्या बाईच्या काखेत होता तिला मी पाऊण तास गप्प बसवत होते. वडील असते तर त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर माझ्याच डोक्याला लावून बघितला असता.

"भाऊ, फुकनी लयी या!" मी म्हटलं.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. जिने उतरून पळाला आणि गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानातून लोखंडी फुंकणी घेऊन आला, बघून परत करतो असं सांगून. मी डॉक्टरांना बोलावलं. मुलीला टेबलावरून उतरवून खाली चटईवर बसवलं, वायरी लांब करून घेतल्या. फुंकणी हातात आल्यावर ती पोर बदललीच. दप्तर मांडीखाली गेलं, पाठ वाकली, एक डोळा बारीक झाला. पण समोर फरशी होती. फरशीला कशी फुंकर घालणार? ती हसायला लागली. तेव्हा आई पुढं आली. तिनं आपली लाल ओढणी काढली, तिची घडी घालून पोरीसमोर ठेवली आणि पावरीत दोन शब्द बोलली. जीपवाल्यानं सांगायची गरज नव्हती. हा इस्तो, विस्तव समज आणि फुंक.

पोरीनं फुंकायला सुरुवात केली. काय दम होता! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी जोरकस फुंकर कुणी मारली नसेल. ओढणीची कड थरथरत होती. पडद्यावर अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. डॉक्टर माझ्या मागं उभे होते. सव्वा मिनिटाच्या सुमाराला एकवीसच्या एकवीस रेषा एकाच वेळी उसळल्या. उंच टोकदार कळस आणि त्यामागं गोल लाट, पुन्हा कळस आणि लाट, सेकंदाला तीन. पुस्तकात असतं अगदी तसं.

"आली!" मी ओरडले. माझ्याच खोलीत, माझ्याच पाटीखाली.

फुंकणी तिच्या ओठांशी होती. डोळे उघडे होते, पण कुठंच बघत नव्हते. अशा वेळी आम्ही एक शब्द बोलतो आणि नंतर विचारतो की कोणता बोललो. मी म्हटलं, "पेरू." आईनं तिला घरच्या नावानं हाक मारली, मग आणखी मोठ्यानं मारली. पोरीची पापणीसुद्धा हलली नाही. मग रेषा एकदम खाली बसल्या आणि ती पुन्हा फुंकायला लागली, जणू मधे काही झालंच नव्हतं. मी सेकंद मोजले. अकरा होते.

तीन मिनिटं संपल्यावर मी विचारलं, "मी मघाशी कोणता शब्द म्हटला?"

"शब्द?" ती गोंधळली. "तुम्ही काही बोलला नाहीत, मॅडम."

"आणि आईनं हाक मारली ती?"

तिनं आईकडं पाहिलं. "नाही मारली."

मला इतका आनंद झाला, की मी डॉक्टरांच्या पाठीत धपका मारला. नंतर माफी मागितली. ते नको नको म्हणत स्वतःच पडद्याचा फोटो काढत होते. तेवढ्यात आई मशीनजवळ आली आणि तिनं त्या उंच लाटांवर बोट ठेवलं. जीपवाला हळू आवाजात म्हणाला, "ती इचारस, मी हाक मारी तव्हय पोर आठे नव्हती का?"

"नव्हती," डॉक्टर म्हणाले. "अकरा सेकंद नव्हती. ती मुद्दाम करत नाही, हे त्यांना नीट सांगा. आणि चुलीचा काही दोष नाही. हा फिटचाच एक प्रकार आहे, आणि याला गोळी आहे. बहुतेक मुलांना ती लागू पडते, आणि बरीच मुलं मोठी होता होता यातून पूर्ण बाहेर येतात."

जीपवाल्यानं ते डॉक्टरांपेक्षा तिप्पट लांबवून सांगितलं. आई ऐकत राहिली. मग ती पोरीजवळ खाली बसली, ओढणी उचलली आणि तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ काहीतरी सांगितलं. पोर मान खाली घालून हसत होती. या वेळी जीपवाल्यानं काही भाषांतर केलं नाही. नंतर जिन्यात मी विचारलं तेव्हा म्हणाला, "चूल इझाडी म्हनीसन ती तिले फुकनीवरीच मारे, ताई. तेच सांगी ऱ्हायनी व्हती."

डॉक्टरांनी दाखला लिहिला. तो मी आईच्या हातात देणार, तेवढ्यात मुलीनंच घेतला आणि मोठ्यानं वाचला. आजाराच्या इंग्रजी नावापाशी ती अडखळली, पण "मुलीस वर्गात बसू द्यावे" ही ओळ तिनं दोनदा वाचली. मग दप्तर उघडून गणिताच्या पुस्तकात तो घडी न घालता ठेवला. डॉक्टरांनी वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. मला वाटलं होतं त्या हुज्जत घालतील. त्यांनी दोनदा विचारून आजाराचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "गोळी मी स्वतः देत जाईन. जेवणानंतर द्यायची ना?" लोक वाईट नसतात, त्यांना दाखवावं लागतं. मलाही त्या दिवशी एका न शिकलेल्या बाईनं दाखवलंच की. दुपारी आम्ही सगळ्यांनी माझ्या टेबलावर कागद पसरून फाफडा-जिलेबी खाल्ली. त्या टेबलावर खायला सक्त मनाई आहे, नियम माझाच.

फुंकणी दुकानदारानं परत घेतली नाही. तोंड लावलेली वस्तू तो कुणाला विकणार? ती माझ्याच खोलीत राहिली, पाटीखालच्या खिळ्याला. आता गावाकडचं पोर आलं की मी श्वास घे असं म्हणतच नाही. फुंकणी धुऊन पुसून हातात देते आणि लाल रुमाल समोर ठेवते. शहरातल्या मुलांना मात्र ती बासरी वाटते. आईबापांनाही मी आता आधी अर्धा तास बोलू देते. कधीकधी त्यात कामाचं काही नसतं, नुसती शेजारणीची भांडणं असतात. तरी ऐकते, दात-ओठ खाऊन.

होळीच्या आधी ती तिघं पुन्हा आली. गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले होते. वर्गात आता ती हरवलेली दिसत नाही, असं बाईंनी कळवलं होतं, पण रेकॉर्ड पाहिल्याशिवाय डॉक्टर समाधानी होणाऱ्यांतले नाहीत. मी दार उघडलं आणि बघतच राहिले. मुलीचे केस कोरडे, भुरभुरीत. आईचेही कोरडे. आणि जीपवाल्याचे तर नुकत्याच कापलेल्या गवतासारखे उभे.

"भाऊ, तुमन्हं डोकं काब्रं धुई उनात?"

"ती म्हने, त्या बाईनी खोलीमा तेल चालत नही. नही ते ती परत वरडी."

मी ओरडले नाही. हसता हसता माझ्या हातातली टेप सुटून गुंडाळली गेली.

वायरी लावल्या. मुलगी स्वतःच चटईवर बसली, खिळ्यावरची फुंकणी मागून घेतली. मला एकदम जाणवलं, तिनं दप्तर आणलंच नव्हतं. ते शाळेत, तिच्या बाकावर होतं. आईनं ओढणी ठेवली आणि पोर फुंकायला लागली. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं. सव्वा मिनिटाला मी पडद्याकडं झुकले. रेषा आपल्या चालीनं जात होत्या. दीड झालं. मी सीताफळ म्हटलं. आईनं हाक मारली. फुंकणी तोंडातच ठेवून पोरीनं आईकडं डोळे वळवले, भुवया उडवल्या आणि पुन्हा फुंकायला लागली. आईनं तोंडावर ओढणी धरली खरी, पण ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. जीपवाला काहीतरी म्हणाला, त्याला मी गप्प केलं. तीन मिनिटं पुरी झाली. एकही लाट आली नाही.

"आता सांग," मी म्हटलं, "मधे मी काय म्हटलं?"

तिनं फुंकणी मांडीवर ठेवली आणि कविता म्हणून दाखवावी तशी पाठ ताठ केली.

"पहिल्यांदा जीपवाल्या मामांनी जांभई दिली. मग तुम्ही सीताफळ म्हणालात. मग आईनं हाक मारली. मग मामा म्हणाले, कशी फुकी ऱ्हायनी दखा. मग तुम्ही त्यांना म्हणालात, भाऊ, एक शब्द बोलला तर बाहेर काढीन." ती थांबली. "आणि सीताफळाच्या आधी तुम्ही अगदी हळू म्हणालात, देवा, येऊ देऊ नको."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पडद्याकडं पाहत राहिले, तिथं बघण्यासारखं काही नसतानाही.

"कोण येणार होतं, मॅडम?" तिनं विचारलं.